जॅझ, एक कविता आणि आपला जलसा

जॅझ म्हटले की आपल्यासमोर पंचतारांकित हॉटेल, मंद दिवे आणि हातात ग्लास घेतलेली माणसे उभी राहतात. गुलामांच्या वंशजांनी घडवलेले संगीत श्रीमंतांची करमणूक म्हणून ओळखले जाते! आम्हीही तसेच समजत होतो. मग विहारातल्या अभ्यासवर्गात आम्ही १९५९ चे एक कृष्णधवल चित्रीकरण पाहिले. लंडनच्या टीव्ही कार्यक्रमात बिली हॉलिडे ‘स्ट्रेंज फ्रूट’ गात होती. त्याच वर्षी जुलैत, ४४ व्या वर्षी ती वारली.

हे गाणे मुळात कविता. न्यूयॉर्कमधील ज्यू शिक्षक एबेल मीरोपोल यांनी लिंचिंगचे छायाचित्र पाहून ती लिहिली. १९३७ साली ती शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली. झाडाला लटकणारी कृष्णवर्णीयांची प्रेते हीच त्यातली ‘विचित्र फळे’.

१९३९ साली बिलीने ते कॅफे सोसायटीत गायले. हार्लेमच्या कॉटन क्लबात मंचावर काळे कलावंत आणि समोर गोरे प्रेक्षक अशी रीत होती. कॅफे सोसायटीत दोघे शेजारी बसत. तिथे हे गाणे शेवटी होई. वेटर वाढणे थांबवत, दिवे विझत, प्रकाश फक्त बिलीच्या चेहऱ्यावर. गाणे संपले की ती निघून जाई, पुन्हा मंचावर येत नसे. पीत-पीत ऐकण्याची सोयच ठेवली नव्हती. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. कमोडोर या छोट्या कंपनीने ते केले.

काही मित्र विचारतात, कवी तर गोरा, मग ही वेदना उसनीच ना? प्रश्न रास्त आहे. सहानुभूती आणि स्वानुभव यांतला फरक दलित साहित्यानेच आपल्याला शिकवला. पण १९३८ साली गोऱ्या वाद्यवृंदाची मुख्य गायिका असूनही न्यूयॉर्कच्या हॉटेलात बिलीला मालवाहू लिफ्टने जावे लागले होते. शब्द मीरोपोल यांचे, साक्ष बिलीची. एकाचे श्रेय काढून दुसऱ्याला देण्याची गरज नाही.

साक्षीची किंमत मात्र मोठी असते. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली. त्यानंतर परवाना नसल्याने न्यूयॉर्कच्या दारू मिळणाऱ्या क्लबांत तिला गाता येईना. गाणे मात्र थांबले नाही. १९६५ साली नीना सिमोनने, पुढे कसांड्रा विल्सनने ते गायले. अमेरिकेत लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला तो थेट २०२२ साली. एका गाण्याने कायदा होत नाही, हे आम्हाला कळते. पण विसरू न देण्याचे काम गाणेच करते.

आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशांनी हेच केले. लोक करमणुकीला जमत आणि विचार घेऊन घरी जात. आज १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढे शाहिराचा शब्द ऐकू येत नाही. नाचायला आमचा विरोध नाही. जयंती आनंदाचीच आहे. पण यंदा प्रत्येक वस्तीत मिरवणूक पाच मिनिटे थांबवा, दिवे कमी करा आणि एक गाणे फक्त ऐका.

जय भीम!