प्रत्ययात उरलेल्या कारागिरिणी

नोआ वेब्स्टर या अमेरिकन कोशकाराचे नाव आपल्याकडे शाळामास्तरांपासून हायकोर्टातील वकिलांपर्यंत सर्वांच्या तोंडी कोशाचेच नाव होऊन बसले आहे; १९६१-६२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ घेऊन आलेला आणि दोन-शून्य अशी मालिका गमावून गेलेला कर्णधार टेड डेक्स्टर आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना आठवत असेल; आणि शोभादर्शक यंत्राचा जनक, स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर याचे नावही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. या तिन्ही आडनावांच्या शेवटी जो 'स्टर' ऐकू येतो, त्याचा माग काढीत सहस्र वर्षे मागे गेले, तर अनुक्रमे एक विणणारी, एक कापड रंगविणारी आणि एक एल नावाची जवाची दारू करणारी अशा तीन स्त्रिया आपल्यासमोर उभ्या राहतात. पाव भाजणारी चौथी स्त्री बॅक्स्टर या आडनावात आहे. फक्त बॅक्स्टर आणि डेक्स्टर यांच्या लेखनात 'एक्स' या अक्षराने 'एस'ला पोटात घेतले आहे.

जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय 'एस्त्रे' असा होता आणि तो मुख्यतः काम करणाऱ्या स्त्रीचा वाचक होता. पाव भाजणारा पुरुष तो 'बॅकेरे', स्त्री ती 'बॅकेस्त्रे'. आपल्याकडील शिंपीण वा कुंभारीण ही बहुधा त्या त्या कारागिराची पत्नी म्हणून ओळखली जाते. 'वेबेस्त्रे' हे नाव मात्र स्वतः मागावर बसणारीचे होते. हा नियम अगदी आरंभापासून निरपवाद होता असे मात्र नाही, कारण बायबलच्या उत्पत्तिग्रंथाच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात फारोच्या पुरुष आचाऱ्यासही 'बॅकेस्त्रे' असेच म्हटलेले आढळते.

या सर्व धंद्यांत एलच्या धंद्याचे दफ्तर सर्वांत बोलके आहे. विजेत्या विल्यमने १०८६ साली करविलेल्या जमाबंदीत चेस्टर शहराचा जो जुना रिवाज नमूद आहे, त्यात खोटे माप वापरणाऱ्यास, मग तो पुरुष असो वा स्त्री, चार शिलिंग दंड सांगितला असून, वाईट एल करणाऱ्यास एकतर घाणीच्या खुर्चीवर बसविण्याची, नाहीतर तितकाच दंड शहराच्या कारभाऱ्यांकडे भरण्याची शिक्षा दिली आहे. एल दोन-चार दिवसांतच आंबट होई, म्हणून ती दूर पाठविता येत नसे व साठविताही येत नसे. घरातील कढई, थोडे अंकुरित जव आणि पाणी एवढ्यावर ती होत असल्यामुळे गृहिणी घरापुरती करून उरलेली शेजाऱ्यांस विकीत असे. तेराव्या शतकात राजाज्ञेने एलचा भाव धान्याच्या भावाशी बांधून दिला गेला, चव पाहण्यासाठी गावोगाव तपासनीस नेमले गेले, आणि जहागिरीच्या न्यायसभांतून या ब्रूस्टरांवर इतक्या नियमितपणे दंड बसत गेला की, नावापुरता दंड असलेली ती रक्कम वस्तुतः परवान्याची फीच झाली. आज त्या शेकडो स्त्रियांची नावे आपणांस कळतात ती या दंडाच्या वह्यांमुळेच, आणि मला या रुक्ष कागदांचे मोल कोणत्याही राजवंशाच्या बखरीहून उणे वाटत नाही.

लिन बंदरातील मार्जरी केम्प हिने आपल्या आत्मकथेत, जिचे हस्तलिखित १९३४ साली सापडले, हा धंदा आपण तीन-चार वर्षे मोठ्या प्रमाणावर केल्याचे आणि वरचा फेस वारंवार बसून माल वाया गेल्याचे सांगितले आहे. तिने तो आपल्या गर्वाचा ईश्वरी दंड मानला. परंतु पुढे या स्त्रियांच्या हातून धंदा गेला त्याचे कारण लौकिक होते. नेदरलंड्सच्या बाजूने हॉप नावाच्या वेलीची फुले घातलेली बिअर इंग्लंडात आली. ती टिके, म्हणून दूरवर विकता येई, परंतु तिला मोठी भांडी, इंधन, साठवण आणि पत लागे. ज्या विवाहितेस कायद्याने स्वतःच्या नावे करार करणे दुष्कर होते तिला ते भांडवल कोठून मिळणार? धंदा व्यवसायसंघांच्या पुरुष सभासदांकडे गेला.

व्यवसायाबरोबर प्रत्ययही गेला. स्त्रीत्वाची खूण त्यातून इतकी पुसली गेली की, गाणाऱ्या वा शिवणाऱ्या स्त्रीसाठी त्याच्या पुढे 'एस' हा आणखी एक, फ्रेंच वळणाचा स्त्रीप्रत्यय जोडून 'साँगस्ट्रेस' आणि 'सीम्स्ट्रेस' असे दुहेरी शब्द करावे लागले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तो 'गँगस्टर' या शब्दालाही लागला.

केवळ 'स्पिन्स्टर' हा शब्द स्त्रीचाच राहिला. चौदाव्या शतकात तो सूत कातणारीचा व्यवसाय सांगे. कातण्याचे काम घरोघरच्या स्त्रियांचेच असल्यामुळे दस्तऐवजांत त्यांच्या नावापुढे तो लिहिला जाई, आणि सतराव्या शतकापर्यंत त्याला 'अविवाहिता' हा कायदेशीर अर्थ चिकटला. जेम्स हारग्रीव्ह्जची जेनी आणि आर्कराइटची यंत्रे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली तेव्हा हातकताई बुडाली, पण विवाहनोंदणीच्या रजिस्टरात तो शब्द पुढेही दोन शतके लिहिला जात होता. इंग्लंड व वेल्स येथे २००५ च्या डिसेंबरात त्याची जागा 'सिंगल' या शब्दाने घेतली.