दिनविशेष : २६ नोव्हेंबर
२००८ : कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या लष्कर-ए-तोयबाच्या १० दहशतवाद्यांचा मुंबईवर हल्ला, १६६ जणांचा बळी. पोलीस अधिकारी अशोक कामटे, हेमंत करकरे व विजय साळसकर हे कामा रुग्णालयाजवळ शहीद झाले. तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र प्रदान. मारल्या गेलेल्या ९ हल्लेखोरांच्या दफनासाठी मुंबईतील मुस्लिम संस्थांनी कब्रस्तानात जागा नाकारली. भारत-पाकिस्तान संवाद थांबला, भारतीय क्रिकेट संघाचा पाकिस्तान दौराही रद्द झाला. डिसेंबरमध्येच संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणा (‘एनआयए’) कायदा मंजूर केला; सागरी सुरक्षेची फेरआखणी झाली. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.