उघाडी

माढ्यात वाढलेल्या माणसाला पाण्याचा दरवाजा म्हटले की उजनी आठवते. धरणाला ४१ दरवाजे, शिवाय कालवे. पाणी कधी सुटणार यावर आमचा ऊस नि संसार चालतो. पाणी यावे म्हणून दार उघडायचे, एवढेच मला ठाऊक. त्यामुळे चरीच्या शेतकरी संपाविषयी वाचताना ‘उघाडी’ हा शब्द भेटला, तेव्हा मी तो उलटाच समजलो आणि पुढची बरीच टिपणे चुकीची केली. चूक उमगली ती अलिबागच्या खारपट्ट्यात, बांधावर उभे राहिल्यावर.

खाडीकाठची दलदल मातीच्या बांधाने अडवून भात पिकवायचे, ही खारबंदिस्ती. बांधाच्या पोटात उघाडी. तिची झडप वरून टांगलेली, फक्त खाडीकडे उघडणारी. भरतीचे पाणी तिला दाबून मिटवते. ओहोटीला आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. चालवायला माणूस लागत नाही. पावसाने जमिनीचा खार धुपतो, मग राता भातासारखे खार सोसणारे वाण तग धरते. नाव उघाडी, पण जीव आहे तो मिटण्यात! एका उधाणाला झडप अडकून राहिली तरी खारे पाणी शेतात शिरते. गोव्याच्या खाजनातले मानस याच जातीचे.

यंत्र सोपे, राखण अवघड. खेकडे बांध पोखरतात, लाटा माती नेतात. त्यासाठी रायगडात ‘जोळ’ होती: ज्याची शेती बांधाआड, त्याने बांधावर राबायचे. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चाललेला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा चरीचा संप आपण खंडाचा तंटा म्हणून वाचतो. माझ्या मते तो बांधावरूनही वाचला पाहिजे. बांधावर कुळाचे हात नसते, तर खोताने खंड मागायला तिथे जमीनच नसती.

१९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांधांची जबाबदारी सरकारकडे सरकली. पक्के बांधकाम, लोखंडी झडपा आल्या. त्या हव्याच होत्या. पण लाकडी फळी गावचा सुतार बदलत असे. लोखंड गंजले की अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. भरती तर दिवसातून दोनदा येते. जिथे खांडी बुजल्या नाहीत तिथे शेतात कांदळवन उगवले. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेही संरक्षित. कांदळवनाशी माझे वैर नाही, बांधापुढे असले तर ते लाटा झेलते. पण त्या भातशेतीचा सातबारा अजून शेतकऱ्याच्याच नावावर असतो.

मी गेलो त्या दिवशी झडपेत प्लास्टिकची बाटली अडकली होती. सोबतच्या म्हाताऱ्या काकांनी चपला काढल्या, धोतर खोचले आणि ते चिखलात उतरले. भरतीला अजून तासभर होता.