चढणीच्या माशांची हातभर वाट

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दादाचा व्हिडिओ आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो गावी असतो, कशेडी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या बाजूला. मी विरार लोकलमध्ये एका पायावर उभा होतो. व्हिडिओत पिवळा प्लास्टिकचा टब, त्यात तडफडणारे मासे, मागे पावसाचा आवाज आणि दादाचं हसणं. "बघ, वलगण लागली! तू बस तिकडं लोंबकळत." मी लगेच बदाम पाठवला.

रात्री घरी आल्यावर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, मध्येच थांबवून. टबाच्या कडेला बारीक नारिंगी दाण्यांची एक रेघ लागली होती. गाबोळी. टबातल्या बहुतेक माशांची पोटं फुगलेली होती.

कोकणाबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. मिरगाचा पाऊस कोसळतो, वहाळ आणि पऱ्ये गढूळ होऊन धावायला लागतात, आणि उन्हाळाभर कोंडीत, डोहात दबून राहिलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. मळे, शिंगटी, खवळ, मरळ, वाम. पार भाताच्या खाचरापर्यंत येतात. उथळ, नव्याने भरलेल्या पाण्यात खाणं भरपूर असतं आणि मोठे शिकारी मासे कमी असतात, म्हणून अंडी घालायला ती जागा चांगली. पिल्लं तिथे वाढतात आणि पाऊस ओसरताना पाण्याबरोबर खाली उतरतात. या चढणीला आमच्याकडे वलगण म्हणतात. म्हणजे वलगणीचा मासा हा बहुतेक वेळा अंडी घालायला निघालेला मासा असतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त मी त्याचा विचार केला नव्हता.

आता विचार करायला लागलो तर एकच प्रश्न डोक्यात अडकला. आपले आजे-पणजे शेकडो वर्षं असेच गाभोळीचे मासे पकडत होते, मग मासे संपले का नाहीत? आणि आता का संपत चाललेत?

सोपं उत्तर तयार असतं. पूर्वीचे लोक निसर्गाला जपायचे, आपण हावरट झालो. हे उत्तर मलाही आवडायचं. म्हणून जुनं काय सापडतं ते वाचत गेलो.

माशांच्या बंदीचा आपल्याकडचा सर्वांत जुना लेखी पुरावा सम्राट अशोकाचा आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात काही ठराविक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. त्या तिथींमध्ये तिन्ही चातुर्मासी पौर्णिमा येतात, आणि त्यातली एक पावसाळ्याच्या तोंडाशी येते. त्याच लेखात गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्यांना मारू नये असंही सांगितलं आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही कोणाला तरी ही आज्ञा दगडावर कोरून घ्यावी लागली. सगळे आपणहून जपत असते, तर कोरायची गरज काय होती?

नंतर येतो कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' असा एक भाग आहे. माशांचे प्रकार, कोणाला कोणतं खाणं आवडतं, दोरी आणि काठी कशी असावी, आधी खाणं टाकून माशांना जागेची सवय कशी लावावी, हे सगळं त्यात येतं. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून हा भाग अभ्यासकांसमोर आणला. वाचताना मला गंमत वाटली, कारण कणकेच्या गोळ्या टाकून मासे गोळा करायची युक्ती आमच्या आबांनाही ठाऊक होती. पण राजाचा तो विनोद होता. आबांचं ते कालवण होतं.

मग इंग्रज आले. कर्नल साइक्स १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरत होता. त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं लिहिली आणि नावं देताना कित्येकदा लोकांच्या तोंडची नावंच उचलली. खुद्री, कोळस, नुक्ता. आजही जगभरचे शास्त्रज्ञ घाटावरच्या महासीर माशाला 'टोर खुद्री' म्हणतात. नावं लिहून घेतली गेली, पण ती कोणी सांगितली त्या माणसांची नोंद मात्र आपल्याला कुठे वाचायला मिळत नाही.

पुढच्या पिढीतल्या फ्रान्सिस डे याने १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर सरकारला अहवाल दिला. त्याची तक्रार ओळखीची वाटते: बारीक भोकांची जाळी, ओढ्यांत लावलेले सापळे, अंडी घालायला चढणाऱ्या माशांची आणि पिल्लांची कत्तल. पण त्याने आणखी एक गोष्ट लिहिली होती. नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे माशांची वर जायची वाट बंद होते. सापळे गावकऱ्यांचे होते, बंधारे सरकारचे.

त्यानंतर १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याच्या भोकाचं माप, पाण्यातले अडसर, ठराविक पाण्यात काही काळ बंदी, यांचे नियम करायची मुभा प्रांतिक सरकारांना मिळाली. समुद्रात आज दर पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, कारण तो प्रजननाचा काळ. आमच्या वहाळावर मात्र नेमक्या त्याच दिवसांत सगळी वाडी बॅटरी घेऊन उतरते.

इथे एक उलटं उदाहरण आठवतं. अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून, शेजारी स्टूल टाकून, छोटे छोटे मासे गळाला लावतात. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च. तव्यात मावतील एवढेच, म्हणून इंग्रजीत त्यांचं नावच 'तव्याचे मासे' असं पडलं आहे. आपल्या वलगणीसारखाच तो तिथल्या घराघरांतला मोसम आहे. बापलेक जातात, शेजारी जमतात, पकडलेलं त्याच रात्री तळून खातात. पण तिथे परवाना लागतो, माणशी रोज किती न्यायचे याची मर्यादा असते, आणि ते मासे अंडी घालतात ते बर्फ वितळल्यावर, वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यांचा सण आणि माशांची वीण यांत काही महिन्यांचं अंतर पडतं. आपला सण वीण चालू असतानाच येतो.

मग मूळ प्रश्न तसाच राहतो. मासे टिकले कसे?

उत्तर मला कागदांत सापडलं नाही, आबांच्या एका वाक्यात सापडलं. ते वाक्य मी दहा-अकरा वर्षांचा असताना ऐकलं होतं आणि चुकीचं समजलो होतो.

आबा वहाळाला दगडांचा आडवा बांध घालायचे. मध्ये खोइन बसवायचे. खोइन म्हणजे बांबूच्या कामट्यांचा लांबट सापळा, तोंड रुंद, आत निमुळता, आणि आतल्या कामट्या अशा वळवलेल्या की मासा शिरला की परत फिरत नाही. चढणीला तिचं तोंड खालच्या अंगाला ठेवायचं. पण बांधाच्या एका कडेला आबा हातभर जागा मोकळी सोडायचे. तिथून पाणी धो धो जायचं आणि पाण्याला भिडून मासेही वर निसटायचे. मी हळहळायचो. "आबा, ते बघा चालले! बुजवा ना ती वाट." आबा म्हणायचे, "असूं दे. सगळी वाट कोंडायची नसती."

पुढे कॉलेजात असताना हे वाक्य मी मित्रांना अभिमानाने सांगायचो. माझ्या आजोबांना पर्यावरण कळत होतं, शाश्वत विकास कळत होता, वगैरे. परवा काकांना विचारलं तर काका हसले. "अरे, सगळा वहाळ अडवला तर पहिल्या लोंढ्याला बांध जातो वाहून. खोइन पण जाते. म्हणून वाट ठेवायची."

म्हणजे ती वाट पाण्यासाठी होती. माशांना ती फुकटात मिळाली.

हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं, मग बरंच काही उलगडलं. मासे टिकले ते अशा वाटांमुळे. आणि त्या वाटा बहुतेक वेळा दयेने सोडलेल्या नव्हत्या, माणसाचा हात पोचत नव्हता म्हणून राहिल्या होत्या. बांध दगडाचा होता, गळका होता. उजेड चुडीचा होता, जोराच्या पावसात विझायचा. रामेठ्याची साल किंवा गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचे, तेही विषच, पण त्याचा जोर पाण्याबरोबर लवकर ओसरायचा. मासे टिकवायला घरात फ्रीज नव्हता, त्यामुळे खाण्यापुरते आणि सुकवण्यापुरते पुरे व्हायचे.

आता नायलॉनचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत बसतं आणि लोंढ्याने तुटत नाही. डोक्याला लावायची एलईडी बॅटरी पावसात विझत नाही. ब्लीचिंग पावडरची पुडी किराण्याच्या दुकानात मिळते आणि ती अंड्यापिल्लांसकट सगळं मारते. रस्त्याखाली सिमेंटचे पाइप टाकतात, त्यांचं खालचं तोंड वहाळाच्या तळापासून कमरेएवढं उंच राहतं, आणि मळ्यासारखा मासा त्या धारेखाली उड्या मारून मारून थकतो. खाली सावित्रीत मेलेले मासे तरंगल्याची बातमी महाडकरांना नवी नाही. हातभर वाट चारही बाजूंनी बुजत गेली. आम्ही काही आजोबांपेक्षा वाईट माणसं झालो नाही. आमची अवजारं चांगली झाली.

माणसाने ठरवून वाट सोडल्याचं एक उदाहरण आमच्याच महाड तालुक्यात आहे. काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे, काठावर वरदायिनी देवीचं स्थान. त्या डोहातले मासे देवीचे मानतात, कोणी पकडत नाही. माणसाचा पाय काठाला लागला की हातभर लांबीचे महासीर वर येतात, कुरमुऱ्यांसाठी तोंडं उघडतात. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून नोंदवल्या. त्या रायांनी जंगलाचे तुकडे राखले, तसा या कोंडीने पाण्याचा एक तुकडा राखला. देवीवर श्रद्धा असो वा नसो, काम साधं आहे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठी, अंडी घालणारी मासळी जिथे जमते, नेमका तोच डोह हात न लावता ठेवलेला आहे.

या जूनमध्ये मी रजा काढून गावी गेलो. दादाला हे सगळं सांगितलं. अशोक, साइक्स, डे, सगळे. दादा तंबाखू मळत ऐकत होता. मग म्हणाला, "मी न्हाय पकडले तर खालच्या वाडीतले पकडतील. मग मी काय नुसतं बघू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुंबईत पापलेट विकत घेऊन खातो. वर्षभर वहाळाकाठी पोट भरणाऱ्या कातकऱ्याला किंवा पावसाळ्यातल्या दोन कालवणांची वाट बघणाऱ्या दादाला, मासे पकडू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? डेच्या अहवालातही बोट आधी सापळ्याकडेच गेलं होतं.

शेवटी सौदा झाला. जाळं माळ्यावर ठेवायचं, आबांची खोइन काढायची. तिच्या दोन कामट्या मोडल्या होत्या, काकांनी बसून नव्या ओवल्या. बांध दगडाचा घालायचा. कडेला हातभर वाट, आणि या वेळी ती माशांसाठी आहे हे माहीत असून. खालच्या वाडीतल्या दोन पोरांनाही दादानेच बोलावलं. "तुमचा बांध पण असाच घाला, न्हायतर आमचा सोडलेला तुमच्याकडं जायचा," असं त्यांना बजावलं. खालून चढणारा मासा आधी त्यांच्याकडे येतो, मग आमच्याकडे, हे त्यांनी दादाला समजावून सांगितलं. त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ती पोरं बघू म्हणाली.

रात्री दहाच्या सुमाराला पाणी चढलं. बॅटरीच्या उजेडात तीन मळे एकापाठोपाठ आले. बांधाला नाक लावून इकडे तिकडे फिरले. दोघांना कडेची वाट सापडली. पाठी चमकल्या आणि ते वर खाचराकडे गेले. दादा चक्क शिवी हासडून हळहळला, मी दहा वर्षांचा असताना हळहळायचो तसाच.

तिसरा खोइनीत गेला. तो आम्ही सकाळी खाल्ला.