मेहली मेहता : वाद्यवृंद उभा राहतो कशावर?

मेहली मेहता म्हटलं की आपण लगेच म्हणतो, झुबिन मेहतांचे वडील. खरंच आहे ते. पण तेवढ्यावर थांबलं की एक मोठा इतिहास निसटतो.

जन्म १९०८चा, मुंबईतला, पारशी घरातला. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आता उभा केला म्हणजे नेमकं काय केलं? कंडक्टरच्या (एसटीच्या नव्हे!) हातात काठी असते, ती वाजत नाही. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेली माणसं. आणि सबंध वाद्यवृंदाला पुरतील इतकी माणसं घडवणारी शाळा मुंबईत नव्हती. म्हणून त्यांनी ती गोळा केली : हौशी पारशी, नौदलाच्या बँडमधले वादक, आणि हॉटेलांत, सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे गोवेकर. या गोवेकरांना स्वरलिपी वाचता कशी येत होती? तर गोव्यात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत. म्हणजे मुंबईच्या वाद्यवृंदाचा मोठा भार गोव्यातल्या खेड्यांवर होता. याचं श्रेय आपण फारसं देत नाही. द्यायला हवं.

१९४५ साली, बायको-मुलांना मुंबईत ठेवून, मेहली न्यूयॉर्कला इव्हान गॅलेमियन यांच्याकडे व्हायोलिन शिकायला गेले. सदतिशीच्या आसपास, नाव झालेलं असताना, पुन्हा विद्यार्थी होणं सोपं नाही हो! पुढे मँचेस्टरला बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, मग फिलाडेल्फिया.

१९६४ साली ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन तेव्हा तिथल्या फिलहार्मोनिकचे संगीत संचालक. वडील यूसीएलए विद्यापीठात शिकवू लागले, आणि तरुण वादकांसाठी त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. व्यावसायिक वाद्यवृंदात तालमीच्या तासातासाला पैसे मोजावे लागतात. तिथे संचालक थांबून बो कसा ओढायचा हे सांगत बसत नाही. इथे तेच तर मुख्य काम होतं. ते त्यांनी तेहेतीस वर्षं केलं, जवळजवळ नव्वदीपर्यंत. त्यांच्या हाताखालची कितीतरी मुलं पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांत गेली. माझ्या मते त्यांचं खरं कर्तृत्व हे, १९३५चं नव्हे.

२००२ साली ते गेले. त्याआधी, १९९५ मध्ये, मुंबईत त्यांच्या नावानं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन स्थापन झालं. तिथे मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतात. वाद्यवृंद आधी आला होता. शाळा आली ती साठ वर्षांनी.