संकेतस्थळाची सजावट : चित्र फोटोशॉपचे, गती फ्लॅशची

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हडपसर हे एके काळी मळ्यांचे गाव. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून तेथे मगरपट्टा सिटी उभारली आणि २००० नंतरच्या दशकात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये या परिसरात आली. त्याच सुमारास पुण्यातील लहान-मोठ्या व्यावसायिकांनाही स्वतःचे संकेतस्थळ असावे, असे वाटू लागले. अशी संकेतस्थळे सजवणाऱ्यांच्या हाती तेव्हा प्रामुख्याने दोन साधने असत : चित्रसंपादनासाठी फोटोशॉप आणि चलत्चित्रांसाठी फ्लॅश.

दोन साधने, दोन स्वभाव

थॉमस आणि जॉन या नोल बंधूंनी घडवलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये बाजारात आली. फ्लॅशचा जन्म १९९६ चा. 'फ्यूचरस्प्लॅश' या मूळ नावाचे हे सॉफ्टवेअर मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतले आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीच्या ताब्यात गेली. त्यामुळे दोन्ही साधने एका छताखाली आली.

फोटोशॉपमधील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ते प्रमाणाबाहेर मोठे केले, की फाटल्यासारखे दिसते. फ्लॅशमध्ये काढलेली आकृती रेषा आणि वक्रांच्या गणिती वर्णनाने साठवली जाते. ती कितीही मोठी केली, तरी तिच्या कडा स्वच्छ राहतात आणि फाइलही लहान असते. छायाचित्राचा जिवंतपणा पहिल्याकडे आणि हालचालीचे कसब दुसऱ्याकडे, म्हणून या दोघांची जोडी जमली.

काम कसे चालते?

समजा, सोलापूर रस्त्यावरील एखाद्या रोपवाटिकेचे संकेतस्थळ करायचे आहे. कॅमेऱ्यातून आलेले जास्वंदीचे छायाचित्र चार हजार ठिपके रुंद असते. पडद्यावर मात्र हजारभर ठिपके पुरतात. म्हणून फोटोशॉपमध्ये प्रथम त्याची काटछाट करावी, रंगांचा तोल सुधारावा आणि छपाईची सीएमवायके नव्हे, तर पडद्याची आरजीबी रंगपद्धती निवडावी. त्यानंतर फूल, पान आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांवर (लेयर) ठेवावी. पान हलवायचे असेल, तर ते फांदीपासून सुटे असायलाच हवे. पारदर्शक पार्श्वभूमीचे भाग पीएनजी स्वरूपात आणि अखंड छायाचित्र जेपीईजी स्वरूपात साठवावे.

हे थर नंतर फ्लॅशमध्ये जात. सुरुवातीला प्रत्येक थर स्वतंत्र चित्र म्हणून न्यावा लागे. २००७ च्या 'सीएस३' आवृत्तीपासून फोटोशॉपची मूळ फाइल थरांसह थेट उघडता येऊ लागली. पान एकदा 'सिम्बॉल' म्हणून नोंदवले, की ते दहा ठिकाणी वापरूनही फाइलचा आकार फारसा वाढत नाही. कालपट्टीवर (टाइमलाइन) पहिल्या आणि शेवटच्या चौकटीतील पानाची स्थिती ठरवली, की मधल्या चौकटी सॉफ्टवेअर स्वतःच भरते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर ४८ चौकटींत दोन सेकंदांची झुळूक तयार होते.

फाइलच्या आकाराला तेव्हा फार महत्त्व होते. ५६ केबीपीएसच्या डायल-अप जोडणीवर ३०० किलोबाइटची फाइल उतरायला पूर्ण वेगानेही ४० सेकंदांहून अधिक वेळ लागे. एवढा वेळ ताटकळलेला ग्राहक फूल हलताना पाहण्याआधीच निघून जाण्याची शक्यता अधिक.

मराठी अक्षरांची गोची

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक पेच होता. पुण्याच्या सी-डॅकच्या 'आयएसएम'ने आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'ने संगणकावर मराठी लिहिणे सोपे केले होते. पण त्यांचे फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसले, तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटत. यावर अनेकांनी सोपी पळवाट शोधली. शीर्षके, पत्ते, कधी कधी संपूर्ण मजकूरच फोटोशॉपमध्ये चित्र करून किंवा फ्लॅशमध्ये आकृती करून बसवला जाई.

अक्षरे सुंदर दिसत, पण ती अक्षरे उरलेली नसत. चित्रातला मजकूर शोधयंत्राला वाचता येईना, कुणाला त्याची प्रत घेता येईना आणि अंध वाचकांच्या पडदावाचक सॉफ्टवेअरला तो उच्चारता येईना. रोपवाटिकेत जास्वंद असूनही 'जास्वंद' हा शब्द शोधणाऱ्याला ती सापडत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते. पुढे संगणकांमध्ये आणि नंतर मोबाइलमध्ये त्याचा आधार रुजला, तशी ही पळवाट अनावश्यक ठरली.

पडदा पडल्यानंतर

फ्लॅशचा उतार २००७ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी आलेल्या आयफोनमध्ये फ्लॅश चालत नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यास नकार देण्याची कारणे मांडली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशची सामग्री चालेनाशी झाली. ज्यांनी केवळ सजावट फ्लॅशमध्ये ठेवली होती, त्यांची सजावट गेली. ज्यांनी मजकूरही त्यातच कोंडला होता, त्यांच्या पानावर रिकामी चौकट उरली.

जोडीचे तत्त्व मात्र कालबाह्य झालेले नाही. फ्लॅश बनवण्याच्या सॉफ्टवेअरचे २०१६ मध्ये 'अ‍ॅनिमेट' असे नामकरण झाले. त्यातील चलत्चित्र एचटीएमएल-५ च्या स्वरूपात काढता येते आणि ते वेगळ्या प्लेअरशिवाय ब्राउझरमध्ये चालते. साध्या हालचालींसाठी सीएसएस आणि एसव्हीजी पुरेसे आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेल्या 'मुक्त' आणि 'बलू' यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमुळे देखणी देवनागरी शीर्षकेही आता खऱ्या अक्षरांत देता येतात.

सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय नियमही ध्यानात घ्यावेत. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुराशेजारी चालणारी हालचाल थांबवण्याची सोय वाचकाला हवी आणि पानावरील काहीही सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखू नये. अर्थपूर्ण चित्रासोबत त्याचे शाब्दिक वर्णनही द्यावे.

चित्र चित्रसंपादकात घडावे, गती चलत्चित्राच्या साधनात द्यावी आणि रोपांची नावे, दर, दूरध्वनी क्रमांक व पत्ता मात्र साध्या युनिकोड मजकुरातच असावा. चित्र आणि हालचाल काढून घेतल्यावरही जे संकेतस्थळ वाचता येते, ते साधने बदलली तरी टिकते.