घड्याळ आपल्या मनगटाच्या मापाचं



बांगड्या भरायला गेलं की कासारीण आधी आपला हात हातात घेते, दाबून बघते आणि माप सांगते: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. घड्याळाच्या दुकानात मात्र मनगटाचं माप कोणी विचारत नाही. नाशिकच्या शालिमारला जा नाहीतर तालुक्याच्या बाजारात, लहान घड्याळ मागितलं की दोनच गोष्टी पुढे येतात. एक तर चित्रांचं, लहान मुलांचं. नाहीतर सोनेरी खड्यांचं, ज्यात आकडेच नसतात. बाकी सगळी मोठाली. ती बांगड्यांवर आपटतात, भांडी घासताना अडकतात, निंदणीला नकोशी होतात, आणि शेवटी कपाटात पडून राहतात. मग वेळ बघायची तर पिठाच्या हाताने मोबाइल काढायचा.

आपल्या गटांतून ही तक्रार इतक्या वेळा आली, की आम्ही ठरवलं, मनगटी घड्याळाचा इतिहासच एकदा बघावा. ते पहिल्यापासून असंच मोठं होतं का?

आपल्याकडे पूर्वी वेळ मोजायचं ते घटिकापात्रावर. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. लग्नाचा मुहूर्त असाच साधायचे. घड्याळ हा शब्दसुद्धा या घटकेच्याच घरातला. पुढे युरोपातून साखळीचं खिशातलं घड्याळ आलं. पण खिसा पुरुषांच्या कोटाला! आपल्या नऊवारीला ओचा आणि कनवटी. त्यात चार पैसे मावतील, काचेचं घड्याळ कसं ठेवणार?

गंमत अशी, की मनगटावर घड्याळ पहिल्यांदा बांधलं ते बायकांनी. नेपोलियनची बहीण कॅरोलिन ही नेपल्सची राणी होती. तिने १८१० मध्ये ब्रेगे या पॅरिसच्या कारागिराकडे मनगटावरचं घड्याळ मागवलं, आणि ते १८१२ मध्ये तयार झालं. १८६८ मध्ये स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीने हंगेरीच्या एका उमराव बाईसाठी असंच घड्याळ बनवलं. त्या काळी पुरुष याला बायकी दागिना म्हणून हसत.

हसणं थांबवलं युद्धाने. एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ कसं काढणार? पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ते मनगटावर बांधलं, आणि तेव्हापासून ते पुरुषांचं झालं. मुंबईच्या वेस्ट एंड वॉच कंपनीची 'सोवार' घड्याळं आपल्याकडच्या फौजी लोकांत नावाजलेली होती.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये सरकारच्या एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीची मदत घेऊन बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. रोज चावी द्यायची ती घड्याळं तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातावर असतील. पुरुषांसाठी 'जनता', बायकांसाठी 'सुजाता'. लक्षात घ्या, पुरुषांची 'जनता'सुद्धा साधारण ३५ मिलिमीटरची होती, आणि 'सुजाता' त्याहून बरीच लहान. म्हणजे आपल्या आजोबांचं घड्याळ आज बायकांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक घड्याळांपेक्षा लहान होतं! पुढे टाटांचं टायटन आलं, १९९२ मध्ये त्यांनी बायकांसाठी 'रागा' काढलं. सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं ते २०१६ मध्ये.

चावीच्या घड्याळाचं यंत्र जितकं लहान, तितकं ते नाजूक आणि महाग. सेलवर चालणारं घड्याळ आल्यावर ही अडचण उरली नाही. लहान यंत्रही स्वस्तात आणि बिनचूक चालू लागलं. म्हणजे लहान घड्याळ करणं सोपं झालं, आणि नेमकी त्याच्या पुढच्या काळात घड्याळं मोठी होत गेली. २००० नंतर पुरुषांची ४२, ४४, ४६ मिलिमीटरवर पोहोचली, त्यांच्यामागोमाग बायकांचीही वाढली. ॲपल कंपनीच्या स्मार्ट घड्याळाचं सर्वांत लहान माप २०१५ मध्ये ३८ मिलिमीटर होतं, २०२४ च्या नव्या घड्याळात ते ४२ झालं. बायकांची मनगटं काही या काळात वाढली नाहीत.

हा नुसता नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही. आशाताई बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर ते धोक्याचं लक्षण. तिथे सेकंद काटा स्पष्ट दिसायलाच हवा. मजुरीचंही तसंच. गिरण्यांच्या काळात १८९१ च्या कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं. पण तास मोजायचा तो गिरणीच्या भोंग्याने. आज बागेत द्राक्षं काढताना सुट्टी किती वाजता झाली, हे मुकादमाच्याच घड्याळावर का ठरावं? घड्याळ ज्याच्या हातावर, तास त्याच्या हिशेबात.

तेव्हा घ्यायला जाल तेव्हा दहा रुपयांचं नाणं सोबत ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं. घड्याळ मनगटावर ठेवून बघा: त्या नाण्याएवढं किंवा थोडंसं मोठं असेल तर बहुतेकींना बरं बसतं. ४२ चं घड्याळ त्या नाण्याच्या दीडपट रुंद, आणि जागा मात्र दुपटीहून जास्त अडवतं. पट्टा जिथे जोडलेला असतो, ती टोकं मनगटाबाहेर यायला नकोत. बारा आकडे ठळक आहेत का, सेकंद काटा आहे का, तेही बघा. बांगड्या घालूनच जा, आणि हात हलवून बघा.

नसेल तर दुकानदाराला सांगा, "भाऊ, लहान पण वाचता येईल असं मागवा." एकीने सांगितलं तर तो हसेल. गटातल्या दहाजणींनी सांगितलं तर पुढच्या खेपेला घेऊन येईल. कासारीण आपलं माप विचारते, कारण आपण मापाशिवाय बांगडी घेत नाही. घड्याळही तसंच घेऊ या.